डावीकडचा रकाना

घरात धाकटी बोलायला लागली की आईला शिलाई मशीन थांबवावी लागे, नाहीतर ऐकूच येत नसे. शेजारणीच्या मांजराचा रुसवा, सरांची चालायची तऱ्हा, थोरलीने फोनवर केलेली नवऱ्याची तक्रार, सगळं साग्रसंगीत, आवाजांसकट. तोंडाचा पट्टा सुरू झाला की आई म्हणायची, "अगं, जरा दम खा. मला हा कोट आज द्यायचाय." आणि तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली की हीच मुलगी वाक्य अर्ध्यावर टाकून पडद्यामागे पसार व्हायची. पडद्याच्या पुढे आईचं शिवणाचं दुकान होतं आणि मागे घर. गिऱ्हाईक बाहेर पडेपर्यंत धाकटी मागे श्वास धरून उभी राहायची आणि मग येऊन उरलेलं वाक्य पुरं करायची.

हे काही आजचं नव्हतं. शाळेत हजेरीच्या वेळी तिचा "हजर" बाईंपर्यंत कधी पोचलाच नाही, म्हणून समोर बसलेली असूनही ती गैरहजर लागायची. आई शाळेत जाऊन भांडून आली. पुढे दवाखान्यात, बसमध्ये, दुकानात, सगळीकडे आईच बोलू लागली. "तिला म्हणायचंय की पोट डावीकडे दुखतंय." "तिला म्हणायचंय की हा रंग नको." आईच्या जिभेला हाड नव्हतं आणि मुलीच्या जिभेला बळ नव्हतं, दोघींचं मिळून बरं चाललं होतं. वडील लवकर गेले, थोरली लग्न होऊन लांब गेली, तेव्हा ऐकणारं आणि बोलणारं असं घरात हे दोनच जीव. लोक म्हणायचे, "मुलगी फार शांत हो तुमची." आई हसून घ्यायची. आपणच हिला पाठीशी घालून पांगळी केली, असं तिला मनातून वाटे. जगातल्या यच्चयावत विषयांवर बोलणारी ती बाई ही एक गोष्ट मात्र कुणापाशी बोलत नसे.

धाकटीने शिक्षण निवडलं तेही स्वभावाला धरूनच. शहराच्या टोकाला एक संस्था होती, तिथे दातांच्या कवळ्या बनवायला शिकवत. दुसऱ्याच्या तोंडात बसायचे दात, पण त्या माणसाचं तोंड बघायची वेळ कधी येत नाही. दाताच्या डॉक्टरकडून ठसा येतो. त्यात प्लास्टर ओतायचं, जबडा तयार झाला की वर मेणाचा थर द्यायचा, मेणात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघायचा. केसाएवढा दात उंच राहिला तर म्हाताऱ्या माणसाला घास चावता येत नाही. धाकटीचा दात कधी उंच राहिला नाही. प्रयोगशाळेतल्या सरांना मुलं कवळीमास्तर म्हणत, कारण ते स्वतःही कवळी लावत आणि ती स्वतःच्या हाताने केलेली आहे हे वर्षातून एकदा तरी सांगत. ते धाकटीच्या टेबलापाशी थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, तिचं काम उजेडाला धरायचे आणि एक अक्षर न बोलता पुढे जायचे. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे शाबासकीच. धाकटीचं स्वप्न ठरलेलं होतं. कुठल्यातरी कारखान्याच्या कोपऱ्यात एक टेबल, सकाळी ठशांची पेटी आत येईल, संध्याकाळी कवळ्यांची पेटी बाहेर जाईल. कुणाला हे स्वप्न लहान वाटेल. तिला ते पुरेसं मोठं होतं, आणि त्यासाठी फक्त अभ्यासक्रम पार पाडायचा होता.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला संस्थेत समुपदेशक मॅडम आल्या. वयाने तरुण, आवाजात साखर, आणि मुलांचं भलं व्हावं अशी खरीखुरी तळमळ. ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात वाईट माणूस शोधायला गेलात तर हाताला कुणी लागणार नाही. चारचौघांत वावरायची भीती बाळगणारी मुलं गपचूप बसतात आणि मागे पडतात, ती आपण हुडकून काढायची, असं मॅडमनी ठरवलं होतं. त्यांनी वर्गात कागद वाटले.

"यात चूक-बरोबर काही नाही," त्या म्हणाल्या. "परीक्षा नाही ही. जे खरं आहे तेवढंच लिहा."

कागदावर वरच लिहिलं होतं, गेल्या आठवड्यात खालील प्रसंगी तुम्हाला किती भीती वाटली? पुढे पाच रकाने. डावीकडून पहिला 'अजिबात नाही', मग थोडी, बऱ्यापैकी, खूप, आणि उजवीकडे शेवटचा 'भयंकर'. खाली प्रसंगांची माळ. अनोळखी माणसाशी फोनवर बोलताना. धाकटी फोनवर अनोळखी माणसाशी बोललीच नव्हती, गेल्या आठवड्यातही नाही आणि त्याआधीही नाही. इतरांसमोर जेवताना. डबा ती प्लास्टरची पोती ठेवायच्या खोलीत, पोत्यावर बसून खायची. शिक्षकांना शंका विचारताना. विचारली नव्हती. दुकानात घेतलेली वस्तू परत करताना. ती आईने परत केली होती.

पेन थांबलं. हे सगळं केलं असतंस तर किती घाबरली असतीस, असं विचारलं असतं तर उजवीकडचा रकाना भरायला एवढासा वेळ लागला नसता. पण तसं विचारलेलं नव्हतं. आणि ठशात जे आहे तेच कवळीत उतरलं पाहिजे, पदरचं काही घालायचं नाही, हे कवळीमास्तरांचं पहिल्या दिवशीचं वाक्य तिच्या हाडात मुरलेलं होतं. तिने वरपासून खालपर्यंत डावीकडच्या रकान्यात खुणा केल्या. जो कधी पाण्यात उतरलाच नाही त्याला विचारायचं, बुडताना किती घाबरलास? अजिबात नाही, म्हणेल तो, आणि त्यात खोटं काहीच नसेल. मॅडमनी आणलेल्या मूळ कागदावर शेजारीच दुसरा प्रश्न होता, असे प्रसंग तुम्ही किती टाळता? पण सगळं एका पानात बसवा असं प्राचार्यांनी बजावलं, तेव्हा तो अर्धा भाग गेला. मॅडम नव्या होत्या, त्यांनी मान डोलावली. तेवढ्या एका पानाच्या काटकसरीत ही मुलगी सापडली.

निकाल लागला. साऱ्या संस्थेत सर्वांत कमी आकडा धाकटीचा, शून्य. आणि सर्वांत मोठा कुणाचा, तर भोंग्याचा. भोंगा म्हणजे तिच्याच वर्गातला मुलगा, ज्याच्या हातातून माईक काढून घ्यायला दोन माणसं लागत. तो प्रत्येक ठिकाणी बोलायचा, प्रत्येक वेळी आतून घाबरायचा, आणि त्याने ते इमानदारीने लिहिलं होतं. मॅडमना या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं. वरून दिसतं तसं नसतं, बघा, असं त्या शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या. धाकटीच्या बाबतीतही वरून दिसतं तसं नसणार, असंच त्यांनी गृहीत धरलं. ही मुलगी भित्री नव्हेच, शांत आहे, आतून भक्कम आहे.

मग मॅडमनी आणखी एक योजना काढली. ज्यांचे आकडे मॅडमनी आखलेल्या रेघेच्या वर, त्यांना रेघेच्या खूप खाली असलेला एकेक सोबती द्यायचा. सोबत्याने त्यांच्याबरोबर कॅन्टीनमध्ये बसायचं, जेवायचं, शंका विचारायला सरांकडे बरोबर जायचं. भोंग्याला सोबती म्हणून धाकटी मिळाली. तिने नाही म्हणायला हवं होतं, हे कुणीही म्हणेल. पण नाही म्हणायचं म्हणजे मॅडमच्या दारावर टकटक करायची, आत जायचं, चार माणसं बसलेली असताना तोंड उघडायचं. ज्याला तेवढं जमतं त्याला नाही म्हणायची गरजच पडत नाही.

पालकसभेत मॅडमनी आईला पुढे बोलावून हे सांगितलं. "काकू, तुमच्या मुलीला लोकांची भीती म्हणून नाहीच. आमच्या चाचणीत शून्य आलाय तिचा. इतर मुलांना तिचा आधार दिलाय आम्ही."

"शून्य?" आई म्हणाली. "म्हणजे नापास का हो?"

"नाही हो. म्हणजे उत्तम."

आईला आभाळ ठेंगणं झालं. घरी येऊन ती पाणी प्यायली, मशीनपुढे बसली आणि डोळ्यांना पदर लावला. "मला वाटायचं माझ्यामुळे झालं तुझं असं," ती म्हणाली. "एवढी वर्षं वाटायचं. आणि तुला काहीच नव्हतं गं." त्यानंतर येईल त्या गिऱ्हाइकाला ती बाहीचं माप घेता घेता शून्याची गोष्ट सांगू लागली. धाकटी पडद्यामागून ऐकत उभी असायची. आईचा आवाज एवढा हलका झालेला तिने कधी ऐकला नव्हता.

कॅन्टीनमध्ये मात्र तिचा जीव जात होता. भोंगा समोर बसून बोलायचा, बोलायचा, बोलायचा. गप्प बसलो तर लोक आपल्याकडे बघत राहतील म्हणून आपण कसे बोलतच सुटतो, सगळं. ती मान हलवायची. तिचा डबा उघडा असायचा आणि घास घशाखाली उतरायचा नाही. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं आपल्या तोंडाकडे, आपल्या हाताकडे बघतायत असं वाटून हात टेबलाखाली जायचा तो वर यायचा नाही. संस्थेतून घरी आली की तिचं डोकं ठणकायचं, पण आईचा तो हलका आवाज मोडेल म्हणून ती ते सांगायची नाही.

"तुझं बरंय," भोंगा एकदा म्हणाला. "तुला कशाचं काही वाटतच नाही. तुझ्यासमोर बसलं की मला धीर येतो."

त्याला खरंच धीर येत होता. महिन्या-दोन महिन्यांत तो बराच सुधारला. मॅडमनी त्याचं श्रेय धाकटीला दिलं आणि तिला आणखी एक मुलगी जोडून दिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मारणारे सगळे तिची तारीफ करत होते.

परीक्षा जवळ आली तशी सूचना लागली. शेवटची तोंडी परीक्षा बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर, सगळ्या वर्गादेखत. टेबलावर आपापलं काम मांडायचं आणि विचारतील त्याची उत्तरं द्यायची. त्यात पास झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. मात्र मॅडमनी प्राचार्यांच्या मागे लागून एक सवलत मिळवली होती. चाचणी पुन्हा एकदा होईल, आणि ज्यांचा आकडा रेघेच्या वर येईल त्यांची परीक्षा बंद खोलीत, एकट्या कवळीमास्तरांसमोर, लेखी उत्तरांवर होईल.

धाकटीने ती सूचना वाचली आणि कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली. एकच गोष्ट हवी होती, पुन्हा तो कागद. आता कुणाच्या दारावर टकटक करायला नको, तोंड उघडायला नको. आता तर गेल्या आठवड्यात तिने सगळं केलेलंही होतं. जेवली होती लोकांसमोर, सरांकडे गेली होती, अनोळखी मुलीशी बसली होती. ठशात जे होतं ते आता कवळीत उतरणार होतं.

दुसऱ्या वेळचे कागद नव्याने छापलेले होते, आणि छापताना रकाने उलटे लागले होते. 'भयंकर' डावीकडे आणि 'अजिबात नाही' उजवीकडे. धाकटीने प्रश्न वाचले, रकाने वाचले, पुन्हा वाचले. मग वरपासून खालपर्यंत डावीकडच्या रकान्यात खुणा केल्या. भयंकर, भयंकर, भयंकर. प्रत्येक खुणेगणिक छातीवरचं ओझं उतरत गेलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाला तरी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी तिने भोंग्याची नक्कल करून आईला इतकं हसवलं की सुई कुठे पडली ते सापडेना.

चार दिवसांनी मॅडम दुकानात आल्या. पालकसभेपासून त्या आईच्या गिऱ्हाईक झाल्या होत्या. कोटाच्या बाह्या लांब होत होत्या, त्या आखूड करायच्या होत्या. धाकटी पुढेच बसून बटणं लावत होती. पडद्यामागे जायला वेळ मिळाला नाही.

"बरं झालं, इथेच भेटलीस," मॅडम म्हणाल्या. "अगं, केवढं घाबरवलंस मला. तुझा कागद बघितला तर सगळ्या खुणा भयंकरमध्ये."

आईचा हात थांबला. "कशाचं भयंकर?"

"काही नाही हो काकू, नुसता घोटाळा. या वेळी छापणाऱ्याने रकाने उलटे लावले. बऱ्याच मुलांनी न वाचता सवयीने जुन्याच जागी खुणा केल्या. हिने मागच्या वेळी डावीकडे केल्या होत्या, आताही डावीकडेच केल्या, ओळीने." त्या धाकटीकडे वळल्या. "त्यातून काही मुलं सवलत मिळावी म्हणून मुद्दाम खोटं लिहितायत. प्राचार्यांनी प्रत्येक कागद तपासायला लावलाय मला. म्हटलं, हिच्यावर उगाच संशय नको. मी दुरुस्त करून टाकलाय. पुन्हा शून्य. काळजी करू नकोस."

बटण धाकटीच्या बोटांतून निसटून जमिनीवर गेलं. मॅडम दोन हातांवर उभ्या होत्या. एक वाक्य बोलायचं होतं, साधं, लहान. मी वाचूनच खुणा केल्या होत्या. वाक्य डोक्यात तयार होतं, पॉलिश करून ठेवल्यासारखं.

"मॅडम," ती म्हणाली. आवाज आला, तिलाच नवल वाटलं.

"हं? काय गं?"

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या, हसऱ्या डोळ्यांनी, अगदी वाट बघत. आणि ते बघणंच तिला सोसवेना. तोंड उघडं राहिलं, पुढचा शब्द आला नाही. मधे जी शांतता पडली ती आईला कधीच सहन होत नसे.

"तिला म्हणायचंय की आभारी आहे," आई म्हणाली. "तुमच्यासारखी माणसं भेटली म्हणून, नाहीतर पोरीवर नसता आळ आला असता. घ्या, हात पुढे करा, बाही बघू."

मॅडम माप देऊन गेल्या. धाकटी खाली वाकून बटण शोधत बसली. बटण समोरच दिसत होतं.

"आई," दार लागल्यावर ती म्हणाली, "तो कागद बरोबर होता. मी वाचूनच लिहिलं होतं."

आईने कात्री खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावरचं ते नवं, हलकं काहीतरी हळूहळू जाताना धाकटीला दिसलं. जुना चेहरा परत येत होता, दवाखान्यातला, शाळेच्या फाटकातला.

"नको गं असं काही सांगूस आता," आई म्हणाली. "परीक्षा जवळ आली की वाटतं तसं सगळ्यांनाच. तुला काही नाहीये. दोनदा तपासलंय त्यांनी. शिकलेली माणसं आहेत ती." आणि थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, "मला जरा सुखाने राहू दे ना."

धाकटीने मॅडमसाठी चिठ्ठी लिहिली होती, तीन ओळींची. ती दप्तरात तशीच राहिली. चिठ्ठी दाराखालून सरकवायला कितीसा वेळ, पण ती पोचली की मॅडम पहिल्यांदा आईलाच बोलावणार, आणि आईला पुन्हा तो चेहरा चढवून त्या कचेरीत बसावं लागणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? तिने ठरवलं, चावून दाबून का होईना, बोलू. चार वाक्यं तर बोलायची. पडद्यामागे उभी राहून ती उत्तरं घोकत बसली, आणि घोकताना आवाज स्वच्छ यायचा.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या खोलीत टेबलं ओळीने मांडली होती. ज्यांना सवलत मिळाली ती मुलं पलीकडच्या बंद खोलीत होती, त्यात भोंगाही होता. जाताना त्याने धाकटीला अंगठा दाखवला. परीक्षक वयस्क होते, कडक नव्हते, दमलेले होते. ते एकेका टेबलापाशी थांबत होते आणि मागे मुलांचा घोळका सरकत होता. कवळीमास्तर दाराशी भिंतीला टेकून उभे होते. परीक्षा चालू असताना संस्थेच्या शिक्षकाने बोलायचं नाही, असा नियम होता.

परीक्षक धाकटीच्या टेबलाशी आले. त्यांनी कवळी उचलली, वरचा जबडा खालच्यावर टेकवला, उघडला, पुन्हा टेकवला. खिशातून भिंग काढलं. बऱ्याच वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला.

"सुंदर," ते म्हणाले. "हिरडीचा हा उतार पुस्तकातून येत नाही. कुणी केलीय ही?"

साधा प्रश्न होता. प्रेमाने विचारलेला. घोकलेल्या उत्तरांत तो नव्हता, कारण हे कुणी विचारील असं तिच्या मनातही आलं नव्हतं. एक अक्षर पुरलं असतं. मी. मान हलवली असती तरी भागलं असतं, पण मान कुणीतरी धरून ठेवल्यासारखी झाली होती. मागे वर्ग होता. परीक्षक बघत होते. दातखीळ बसली ती बसलीच. तिचे ओठ पांढरे पडले.

"तूच केलीस ना?"

तिने कवळीमास्तरांकडे बघितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक पाऊल पुढे टाकलं, पुन्हा मागे घेतलं. परीक्षकांनी तिची नजर कुठे गेली ते पाहिलं. त्यांनी कवळीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आलेला जीव निघून गेला.

"अच्छा," ते म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहून पुढच्या टेबलाकडे गेले.

आईला दुसऱ्या दिवशी कचेरीत बोलावणं आलं. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून मांडलं, असा शेरा होता. मास्तरांनी लेखी दिलं की काम मुलीचंच आहे, पण संशय त्यांच्यावरही होता, त्यामुळे त्या कागदाला कुणी विचारलं नाही. आई तासभर भांडली. माझी मुलगी पहिल्यापासून लोकांसमोर बोलत नाही, घाबरते ती, हे आई इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलली. प्राचार्यांनी कपाटातून दोन कागद काढून समोर ठेवले. दोन्हींवर शून्य. मॅडम तिथेच बसल्या होत्या, रडवेल्या झाल्या होत्या, आणि आईने दुसऱ्या कागदावरच्या दुरुस्तीवर बोट ठेवलं तर खाली सही त्यांचीच होती.

"भीती हे कारण असतं तर यात दिसलं असतं, ताई," प्राचार्य म्हणाले. "ही तर इतर मुलांना धीर देत होती. आता तुम्हीच सांगा, स्वतः केलेल्या कामाला 'मी केलं' म्हणायला कुणाला भीती वाटेल?"

जन्मभर जिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं असत, ती बाई उठली आणि घरी आली.

धाकटी मशीनशेजारच्या स्टुलावर बसली होती. आईने पिशवी खुंटीला लावली. समोर येऊन बसली. तिचा आवाज मऊ होता, एवढा मऊ की धाकटीच्या अंगावर काटा आला.

"मी रागावणार नाही," आई म्हणाली. "काही झालं तरी तू माझीच आहेस. फक्त मला एकटीला खरं सांग. ती कवळी तूच केली होतीस ना?"

या घरात, या मशीनपाशी, धाकटीचा आवाज कधी अडला नव्हता. तिने बोलायला तोंड उघडलं. आई तिच्याकडे बघत होती, वाट बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत काल त्या परीक्षकांच्या डोळ्यांत होतं तेच होतं. धाकटीला ते ओळखू आलं आणि शब्द होता तिथेच थिजला.

आई थांबली. या वेळी ती मधे पडून मुलीच्या वतीने काही बोलली नाही. मग तिने मान खाली घातली, मॅडमच्या कोटाची बाही सुईखाली सरकवली आणि मशीन सुरू केली.